मॉडेल विमानाच्या इंजिनातला पिस्टन: लोखंडी, रिंगवाला की एबीसी?

पिस्टनची निवड म्हणजे ताकदीचा प्रश्न, असं बहुतेकांना वाटतं. खरा झगडा मात्र धातूंच्या प्रसरणाचा आहे, आणि तोही इंजिनं जन्मली तेव्हापासूनचा.

१९३४ साली अमेरिकेत ब्राउन ज्युनिअर हे ठिणगीवर चालणारं छोटं इंजिन विक्रीला आलं आणि हा छंद पसरला. त्या काळातली सरळ वाट म्हणजे पोलादी सिलिंडर आणि त्यात घोटून बसवलेला लोखंडी पिस्टन, त्याच्याभोवती फट बुजवणारं धातूचं कडं म्हणजे रिंग नाही. दोन्ही धातू तापल्यावर जवळजवळ सारखेच फुगतात, त्यामुळे थंडपणी जुळवलेली फट गरम झाल्यावरही टिकते. अशी इंजिनं चिवट असतात आणि हाताने सहज सुरू होतात. पण घोटलेले पृष्ठभाग एकमेकांवर बसायला वेळ लागतो. दोन-तीन मिनिटं रिच (इंधन जास्त, हवा कमी) मिश्रणावर चालवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, पुन्हा चालवायचं, असं तासभर तरी. इंधनात एरंडेल तेल हवंच. घाईने मिश्रण लीन, म्हणजे कमी इंधनाचं केलं की पिस्टन घासला जातो, आणि गेलेलं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाब धरून ठेवणं) परत येत नाही.

१९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग, म्हणजे ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग, बाजारात आला. कॉइल आणि बॅटरीचं ओझं उतरलं, इंजिनाचे फेरे वाढले आणि लोखंडाचं वजन नडू लागलं. ॲल्युमिनिअम अडीच पटींहून हलकं, पण ते पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. २० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि २०० अंशांची तापमानवाढ धरा: ॲल्युमिनिअमचा पिस्टन साधारण ०.०९ मिमी वाढेल, पोलादी स्लीव्ह (सिलिंडरची आतली नळी) ०.०५ मिमीच्या आत. शिवाय पिस्टन स्लीव्हपेक्षा जास्त तापतो. घट्ट बसवला तर जाम होणार, हे ठरलेलंच.

यावर पहिला तोडगा म्हणजे पिस्टन मुद्दाम सैल ठेवून फट रिंगने बुजवणं. मोठ्या इंजिनांत हाच तोडगा आजही चालतो, आणि त्याचा मोठा फायदा असा की झिजली तर नुसती रिंग बदलता येते. पण जास्त तापली की रिंगचा ताण जातो. रिंगची टोकं पोर्टमध्ये (स्लीव्हमधल्या वायू ये-जा करणाऱ्या भोकांत) अडकू नयेत म्हणून बऱ्याच इंजिनांत खाचेत छोटी पिन असते. रिंग उलटी बसवली किंवा पिन सुटली, तर पहिल्याच फेऱ्यांत सगळं ओरखडून निघतं. एल आकाराची डाइक्स रिंग याच घराण्यातली. ज्वलनाचा दाबच तिला भिंतीवर रेटतो, म्हणून वेगाच्या इंजिनांत तिचा बोलबाला झाला.

दुसरा तोडगा १९६० च्या दशकात दोरीवर उडणाऱ्या स्पीड मॉडेलांच्या स्पर्धांतून पुढे आला. अमेरिकेचे बिल विस्निव्स्की यांचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. एबीसी म्हणजे ॲल्युमिनिअमचा पिस्टन, पितळी स्लीव्ह, आतून क्रोमचा थर. जास्त सिलिकॉनच्या मिश्रधातूचा पिस्टन आणि पितळ यांचं प्रसरण जवळ येतं. पिस्टन जास्त तापतो, म्हणून स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती ठेवतात. थंड इंजिनाचा प्रॉपेलर फिरवताना वरच्या टोकाला जाणवणारी कचकचीत पकड हा दोष नव्हे, गरम झाल्यावर ती बरोबर बसते.

इथेच जुनी सवय घात करते. एबीसीला लोखंडी पिस्टनसारखं तासभर रिच चालवलं, तर स्लीव्ह थंडच राहते आणि पिस्टन त्या निमुळत्या भागात घासत बसतो. त्याला थोड्याच रिच मिश्रणावर, पण गरम चालवायचं, छोट्या छोट्या खेपांत. नवं इंजिन वर अडकलंच, तर जोर लावू नका, पिस्टनला जोडलेल्या दांड्याचं, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं टोक ताणलं जातं. इंजिनाच्या डोक्यावर हेअर ड्रायरची गरम हवा सोडा, मग फिरवा. उडवून झाल्यावर पिस्टन खाली ठेवूनच थंड होऊ द्या.

पुढे क्रोमऐवजी निकेलचा थर देऊन एबीएन आलं, आणि पितळाऐवजी ॲल्युमिनिअमची स्लीव्ह घेऊन एएसी. निकेलचा पापुद्रा सुटतो तो बहुधा एक्झॉस्ट पोर्टच्या कडेला. वापरलेलं इंजिन घेताना पोर्टमधून टॉर्च मारून पाहा: पिवळं पितळ उघडं दिसलं, तर ती स्लीव्ह संपली.