आधी अनामत, मग खाट

रात्री अकराला बिलिंग काउंटरवर होणारं बोलणं पुण्या-मुंबईत अनेकांना तोंडपाठ आहे. 'आधी डिपॉझिट भरा.' 'किती?' 'पन्नास हजार तरी. बाकीचं सकाळी बघू.' त्याच भिंतीवर एक पाटी असते: निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी खाटा राखीव. पाटीसमोर बहुधा पाण्याचा कूलर उभा असतो, म्हणून ती दिसत नाही.

ती पाटी तिथे कशी आली, याची गोष्ट बरीच मागे जाते. आपली जुनी मोठी रुग्णालयं दानातून उभी राहिली. जे. जे. (१८४५) सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पैशातून, पुण्याचं ससून (१८६७) डेव्हिड ससून यांच्या देणगीतून. नाव दात्याचं, रोजचा खर्च सरकारी तिजोरीतून, असा तो मामला होता. १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा विचार करायला नेमलेल्या भोर समितीने सांगितलं की, पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये. दोन वर्षांनी कामगार राज्य विमा कायदा आला, पण त्यातून सोय झाली ती कारखान्यातल्या नोकरदारांची. शेतमजूर, हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बायका यांच्यासाठी सरकारी दवाखाना, नाहीतर स्वतःचा खिसा. आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही ठेवावंच लागलं, यावरून काय ते समजा.

सरकारी वॉर्डात जागा अपुरी पडली, ती पोकळी खासगी रुग्णालयांनी भरली. त्यातली बरीच मोठी रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय न्यास आहेत. न्यास म्हटलं की करसवलत आली, कुठे स्वस्तात जमीन, कुठे बांधकामासाठी जादा चटईक्षेत्र. त्याची परतफेड म्हणून १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात कलम ४१ कक घातलं गेलं. त्यानुसार दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या. कलम होतं, अंमलबजावणी मात्र रुग्णालयाच्या मर्जीवर. अखेर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये न्यायालयाने योजनाच ठरवून दिली. प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी'त टाकायची. निर्धनाला खाट, नर्सिंग, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लावायचे नाहीत. औषधं आणि इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदीच्या भावाने धरायची. आणि तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागायची नाही, आधी दाखल करून घ्यायचं.

नियम इतका स्पष्ट असूनही काउंटरवरचं बोलणं बदललं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामतीवरून रस्त्यावर आंदोलनं झाली, तेव्हा हा नियम अनेकांनी पहिल्यांदा ऐकला.

दरम्यान पैशाचे दुसरे मार्ग आले. १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम, म्हणजे आजारपणाचा विमा आणला. पुढे विमा कंपन्यांच्या वतीने दावे हाताळणारे टीपीए आले, बिल परस्पर विम्यातून भरण्याची 'कॅशलेस' सोय आली. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राज्य सरकारची मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तीच आता महात्मा फुले जन आरोग्य योजना. डायलिसिस, बायपास अशा मोठ्या खर्चात तिने कितीतरी घरं वाचवली, हे मान्यच करायला हवं. पण प्रत्येक मार्गाची खिडकी वेगळी आणि कागद वेगळे. मेडिक्लेमवाला डिस्चार्जच्या दिवशी मंजुरीची वाट बघत कॉरिडॉरमध्ये ताटकळतो. विमा नियामकाला २०२४ मध्ये 'अंतिम मंजुरी तीन तासांत द्या' असं लिहून द्यावं लागलं, इतकं ते नित्याचं झालं होतं. फुले योजनेत आजार यादीत बसावा लागतो.

या सगळ्यात धर्मादाय खाटेची वाट मला सर्वांत जाचक वाटते, कारण तिथे माणसाला आपली गरिबी सिद्ध करावी लागते, तीही नेमकी आजारपणाच्या धावपळीत. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. त्यासाठी तहसीलदाराचा दाखला, नाहीतर रेशनकार्ड. कागद जुळले तरी 'या महिन्याचा निधी संपला' हे उत्तर ऐकलेले नातेवाईक कमी नाहीत. हे कागद तपासतात वैद्यकीय समाजसेवक. ते सकाळी येतात आणि संध्याकाळी घरी जातात. रात्री अकराला फक्त बिलिंग काउंटर उघडा असतो.