गुणांक 0.5 ते 1.0 : मुंबईच्या मोकळ्या जमिनीचा मागोवा

पावसाळी गटाराचा आकार ठरवायला दोन आकडे लागतात: तासाला किती पाऊस धरायचा आणि त्यातला किती वाहून येणार. मुंबईतली जुनी व्यवस्था 25 मिमी पाऊस आणि 0.5 अपधाव गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून येणारा हिस्सा) धरून बांधलेली होती, तीही ओहोटीची वेळ गृहीत धरून. उरलेले निम्मे पाणी माती जिरवेल, असा त्यामागचा हिशेब. 1985च्या पुरानंतर अभ्यास झाला आणि 1993च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ या मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या अहवालाने पाऊस 50 मिमी, गुणांक 1.0 केला. चर्चा होते ती पन्नासची. खरी कबुली दुसऱ्या आकड्यात आहे: शहरात पाणी जिरवणारी जमीन उरलेलीच नाही. वाहून न्यायचे पाणी त्यामुळे तासाला 12.5 मिमीवरून 50 वर, म्हणजे चौपट झाले.

अहवालाला गती आली ती 26 जुलै 2005 नंतर. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, माधव चितळे समिती नेमली गेली, नाले रुंद झाले, हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी उदंचन (पाणी उपसणारी) केंद्रे उभी राहिली. बहुतेक पातमुखे, म्हणजे गटारे समुद्राला मिळतात ती तोंडे, भरतीच्या पातळीखाली असल्याने पंप टाळता येण्यासारखे नव्हतेच. पण जमिनीचा विषय त्यात बाजूला पडला.

तो दुसऱ्याच दारातून आला. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोहिनूर सीटीएनएल या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात, इमारतीच्या आवारातली किमान मनोरंजन जागा (बाग, मैदान अशी मोकळी जागा) जमिनीवरच हवी, पोडियमवर (पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर) चालणार नाही, असा निर्णय दिला. 2018 पासून लागू झालेल्या विकास नियंत्रण नियमावली 2034 ने मात्र मधला मार्ग काढला: आवश्यक मोकळ्या जागेपैकी किमान 60 टक्के जमिनीवर, त्यातली निम्मी उघड्या मातीवर (बिल्डरांच्या भाषेत ‘मदर अर्थ’), बाकी 40 टक्के पोडियमवर चालेल.

4,000 चौ.मी.चा भूखंड घ्या. 20 टक्क्यांप्रमाणे मोकळी जागा 800 चौ.मी., जमिनीवर 480, उघडी माती 240. भूखंडाच्या जेमतेम 6 टक्के! तासाला 50 मिमी पावसात या भूखंडावर 200 घनमीटर पाणी पडते. 240 चौ.मी. माती फरसबंदीपेक्षा 150 मिमी खाली ठेवली तर 36 घनमीटर थोपते. प्रत्यक्षात उलटेच होते: बाग कठड्याने उचलून घेतली जाते, खाली बांधकामाचा राडारोडा आणि यंत्रांनी दाबलेला मुरूम असतो, आणि पाणी बागेतून रस्त्यावर येते. कठड्याला खाचा ठेवणे आणि वरचा थर मोकळा करणे एवढ्यानेही फरक पडतो. भराव घातलेल्या जमिनीवर शोषखड्ड्याचा फार उपयोग नाही; तिथे भूजल पावसाळ्यात वर येते आणि खाली खाडीची चिकणमाती असते. अशा ठिकाणी टाकी आणि बारीक निचरा-नळी बरी, पण पाणी दोन दिवसांत रिकामे व्हायला हवे, नाहीतर डास. पोडियमवरच्या झाडांची अडचण वजनाची: ओली माती घनमीटरला 1.8 टनांच्या आसपास भरते. मीटरभर थर स्लॅबला परवडत नाही, म्हणून तिथे झुडपे आणि लॉनच दिसतात.

हवामान मार्गदर्शन आले ते यानंतर. मार्च 2022च्या मुंबई हवामान कृती आराखड्यात शहरी हरितीकरण आणि पूर-जलस्रोत ही सहापैकी दोन क्षेत्रे होती. 2024-25 पासून महापालिका हवामान अर्थसंकल्पही मांडते. आराखड्याला नियमावलीचे बळ नाही, आणि नियमावली तर आधीच 2034 पर्यंतची मंजूर. वृक्ष कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरील झाडांना वारसा दर्जा दिला, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावणे बंधनकारक केले. ती लावायची कुठे, या प्रश्नापाशी पुन्हा तीच 240 चौ.मी. माती येते. परवानगीच्या कागदांवर उद्यान खाते झाडे मोजते, पर्जन्य जलवाहिन्या खाते नळाचा व्यास पाहते. मातीची पातळी आणि खोली यांसाठी वेगळा रकाना नाही.