ऑनलाइन बाजारपेठेतील सशुल्क जाहिरात

ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकणारा विक्रेता आपली वस्तू शोधाच्या निकालात किंवा दुसऱ्या वस्तूच्या पानावर ठळक जागी दिसावी म्हणून त्या बाजारपेठेलाच पैसे मोजतो, त्या व्यवहाराला सशुल्क किंवा प्रायोजित जाहिरात म्हणतात. विक्रेत्यांच्या रोजच्या बोलण्यात 'ॲड लावणे', 'स्पॉन्सर्ड टाकणे' असे शब्द येतात. वर्तमानपत्रातली किंवा टीव्हीवरची जाहिरात ग्राहकाच्या मनात इच्छा जागवू पाहते. इथे ग्राहक इच्छा घेऊनच आलेला असतो आणि शोधपेटीत त्याने ती टाइपही केलेली असते. त्यामुळे मोठ्या कंपनीच्या नावापुढे ज्याची ओळख शून्य आहे असा एकटा विक्रेताही, रक्कम छोटी असली तरी, नेमक्या त्या क्षणी ग्राहकासमोर येऊ शकतो. आणि तीच रक्कम काही तासांत एकही ऑर्डर न देता संपूही शकते. या दोन्ही शक्यतांचे मूळ जागांच्या लिलावात आहे, म्हणून ही जाहिरात समजून घ्यायची तर आधी तो लिलाव समजून घ्यावा लागतो.

उगम

शोधलेल्या शब्दावर बोली लावायची आणि ग्राहकाने क्लिक केले तरच पैसे द्यायचे, ही पद्धत बाजारपेठांनी शोध संकेतस्थळांकडून घेतली. बिल ग्रॉस यांच्या 'गोटू डॉट कॉम'ने १९९८ मध्ये ती व्यवहारात आणली. तिथे ज्याची बोली मोठी त्याची जागा वर, इतका सरळ हिशेब होता. पुढे ही कंपनी 'ओव्हर्चर' झाली आणि २००३ मध्ये याहूने ती विकत घेतली. गूगलने २००२ मध्ये त्यात एक महत्त्वाची भर घातली : बोलीबरोबरच जाहिरातीवर लोक किती वेळा क्लिक करतात हेही क्रम ठरवताना धरायचे. आजच्या प्रमुख बाजारपेठांचे जाहिरात-लिलाव साधारण याच वळणाने चालतात.

बाजारपेठांना हे उत्पन्न हवेसे का वाटले, हे ताओबाओच्या उदाहरणातून दिसते. २००३ मध्ये चीनमध्ये सुरू झालेल्या या बाजारपेठेने विक्रेत्यांना वस्तू मांडण्यासाठी शुल्क लावले नाही. तिथे आधीपासून असलेल्या ईबे या अमेरिकी बाजारपेठेचे शुल्काचे गणित त्यापुढे टिकले नाही आणि २००६ च्या अखेरीस ईबेने चीनमधले आपले संकेतस्थळ बंद केले. ताओबाओचे उत्पन्न आले ते प्रामुख्याने जाहिरातींतून. मांडणी फुकट, पण दिसण्यासाठी पैसे, ही रचना तिथे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाली. ॲमेझॉनने २०१२ मध्ये प्रायोजित वस्तूंची जाहिरात आणली, तर ईबेने २०१५ मध्ये. ॲमेझॉनचे जाहिरातींचे वार्षिक उत्पन्न २०२१ मध्ये ३१ अब्ज डॉलरच्या वर होते आणि २०२४ मध्ये ते ५६ अब्जांच्या वर गेले. यात मोठ्या ब्रँडचा आणि चित्रफीत-जाहिरातींचा पैसाही आहे. तरीही जाहिरात हा बाजारपेठेचा जोडधंदा राहिलेला नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

लिलाव कसा चालतो

ग्राहकाने शोध घेतला की क्षणार्धात त्या शोधापुरता लिलाव होतो. समजा, वरच्या एका जागेसाठी दोन विक्रेते आहेत. पहिल्याची बोली प्रतिक्लिक १२ रुपये आहे आणि त्याच्या जाहिरातीवर १०० पैकी २ जण क्लिक करतील असा यंत्रणेचा अंदाज आहे. दुसऱ्याची बोली ८ असून त्याच्याबाबत हा अंदाज १०० पैकी ४ चा आहे. बोली आणि क्लिकची शक्यता यांचा गुणाकार पहिल्यासाठी ०.२४, तर दुसऱ्यासाठी ०.३२ येतो. म्हणजे कमी बोलीचा विक्रेता वर जातो. त्याला ८ सुद्धा भरावे लागत नाहीत. पहिल्याला मागे टाकण्यापुरती, म्हणजे ०.२४ भागिले ०.०४, सुमारे ६ इतकीच रक्कम त्याच्याकडून घेतली जाते. प्रत्यक्षातली सूत्रे याहून गुंतागुंतीची आणि बंद दाराआड असतात. ऑर्डर येण्याची शक्यता, किमान दर, ग्राहकाचा मागचा इतिहास असे बरेच काही त्यात मिसळते. पण मुद्दा बदलत नाही : चांगला फोटो, नेमके शीर्षक आणि बरी समीक्षा असलेल्या वस्तूला तीच जागा स्वस्त पडते.

अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी किंमत घेणाऱ्या लिलावाचे विश्लेषण केले होते. एकाच वस्तूच्या अशा लिलावात खरी किंमत सांगण्यातच बोली लावणाऱ्याचे हित असते. शोध-जाहिरातींत मात्र एकाच वेळी अनेक जागांचा लिलाव होतो. तिथे हा नियम टिकत नाही, असे एडलमन, ऑस्ट्रोव्हस्की आणि श्वार्ट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मधील आपल्या लेखात दाखवले. व्यवहारात याचा अर्थ असा की दुसरी-तिसरी जागा बऱ्याच कमी दरात मिळत असेल, तर पहिल्या जागेचा हट्ट परवडत नाही. छोट्या विक्रेत्याला हे पटायला वेळ लागतो, कारण जिथून बोली आणि बजेट ठरवायचे त्या पॅनेलवर दिसणारी 'सुचवलेली बोली' त्याला सतत वर खेचत असते. ती सूचना इतरांच्या बोलींवरून निघते. तुमच्या वस्तूत किती नफा उरतो हे तिला ठाऊक नसते.

क्लिकमागे पैसे ही सर्वांत रुळलेली पद्धत, पण एकमेव नव्हे. ईबेवर विक्री झाली तरच ठरलेली टक्केवारी घेण्याचा प्रकार आधी आला आणि क्लिकमागे पैसे घेण्याचा नंतर. हस्तकलेच्या वस्तूंसाठी ओळखल्या जाणाऱ्या एट्सी या बाजारपेठेने २०२० मध्ये बाहेरच्या संकेतस्थळांवर विक्रेत्यांच्या वस्तूंची जाहिरात स्वतः करायला सुरुवात केली. त्या जाहिरातीवरून ग्राहक आला आणि ३० दिवसांत त्याने खरेदी केली, तर ऑर्डरच्या १५ टक्के शुल्क लागू झाले. वर्षभरात १०,००० डॉलर किंवा अधिक विक्री करणाऱ्यांसाठी दर १२ टक्के होता, पण त्यांना या योजनेतून बाहेर पडण्याची मुभा नव्हती. टक्केवारीच्या पद्धतीत पैसे वाया जाण्याची भीती कमी असते. मात्र आपोआप आली असती ती ऑर्डरही शुल्काच्या कक्षेत येऊ शकते.

बोलीचे गणित

जाहिरात परवडते की नाही, हे जाहिरातीच्या पॅनेलवर ठरत नाही. ते एका नगामागे किती उरते यावर ठरते. एखादी वस्तू ५०० रुपयांना विकली जाते. तिचा खरेदीखर्च २५०, बाजारपेठेचे कमिशन ७५, पॅकिंग आणि पाठवणी ५५, परत येणाऱ्या मालाची तरतूद २०. उरले १००, म्हणजे २० टक्के. दर १० क्लिकमागे एक ऑर्डर येत असेल, तर एका क्लिकला १० पेक्षा जास्त देणे म्हणजे घरातून भरणे. ऑर्डर २० क्लिकमागे एक येत असेल, तर हीच मर्यादा ५ वर येते. बोली तीच ठेवून लिस्टिंग, म्हणजे वस्तूचे पान, सुधारली आणि ऑर्डरचे प्रमाण दुप्पट झाले, तर परवडणारा दरही दुप्पट होतो. म्हणूनच अंधुक फोटो, अर्धवट माप-माहिती आणि शून्य समीक्षा असलेल्या वस्तूवर ॲड लावण्याची घाई करू नये असे जाणकार सांगतात, आणि ते अगदी रास्त आहे. शिवाय माल परत आला तरी क्लिकचे पैसे परत येत नाहीत. कपडे-चपलांसारख्या, मापामुळे परत येणाऱ्या वस्तूंत हा खड्डा मोठा असतो.

जाहिरातखर्च भागिले जाहिरातीतून आलेली विक्री, या टक्केवारीला विक्रेते 'एकॉस' म्हणतात. उलटा भागाकार केला की 'रोआस' मिळतो. वरच्या उदाहरणात एकॉस २० टक्के झाला की नफा शून्यावर येतो. जाहिरातखर्चाला दुकानाच्या एकूण विक्रीने भागले तर निघणारा आकडा अधिक प्रामाणिक असतो. १,००० खर्चून जाहिरातीतून ५,००० ची आणि एकूण २०,००० ची विक्री झाली, तर एकॉस २० टक्के, पण एकूण विक्रीवरचा भार ५ टक्के. हा भार महिनोन्महिने वाढत गेला आणि एकूण विक्री तिथेच राहिली, तर जाहिरात नवे ग्राहक आणत नसून जुनीच विक्री आपल्या नावावर लावून घेत आहे, अशी शंका घ्यायला जागा असते.

शब्दांची निवड

कमरेचे चामडी पट्टे विकणारा एक विक्रेता घ्या. त्याने 'चामड्याचा पट्टा' हा शब्द सैल जुळणीवर, म्हणजे मिळत्याजुळत्या शोधांवरही जाहिरात दिसेल असा, ठेवला. दोन आठवड्यांनी शोधशब्दांचा अहवाल उघडला, तर क्लिक आलेले दिसतात 'घड्याळाचा चामडी पट्टा', 'कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा', 'कॅमेऱ्याचा पट्टा' अशा शोधांवरूनही. या लोकांनी चित्र पाहून, कुतूहलाने किंवा चुकून क्लिक केले आणि ते निघून गेले. विक्रेत्याच्या खात्यातून मात्र प्रत्येक क्लिकचे पैसे कापले गेले. उपाय सोपा आहे : 'घड्याळ', 'कुत्रा', 'कॅमेरा' हे शब्द नकार-यादीत टाकायचे, म्हणजे त्या शोधांवर जाहिरात दिसत नाही, आणि ज्या शोधांवरून खरोखर ऑर्डर आल्या ते नेमक्या जुळणीवर, म्हणजे तोच शोध असेल तरच जाहिरात दिसेल असे, वेगळे लावायचे. ज्यात शब्द यंत्रणाच निवडते त्या स्वयंचलित कॅम्पेनला शब्द खोदून काढायच्या कामाला लावावे आणि पक्के झालेले शब्द हाताने चालवावेत, ही रीत त्यातूनच पडली आहे. अहवाल वाचण्याचे हे कंटाळवाणे काम बोली वर-खाली करण्यापेक्षा जास्त पैसे वाचवते.

पण अहवाल वाचताना उतावीळपणा नडतो. एखाद्या शब्दावर १०० पैकी ५ क्लिक ऑर्डरमध्ये बदलतात असे धरू. तरीही पहिल्या २० क्लिकमध्ये एकही ऑर्डर न येण्याची शक्यता जवळजवळ ३६ टक्के असते. ६० क्लिकनंतर ती ५ टक्क्यांच्या खाली उतरते. म्हणजे २० कोरडे क्लिक पाहून चांगला शब्द बंद करणारे खूप असणार. मोठ्या विक्रेत्याकडे एका दिवसात इतके क्लिक जमतात. छोट्याला त्यासाठी कित्येक आठवडे लागतात आणि त्याचे पैसे शिकण्यातच जातात. जाहिरात-लिलावात लहान असण्याचा खरा तोटा हा आहे. त्यावर उतारा म्हणजे थोड्याच वस्तू आणि थोडेच शब्द निवडून तिथे पुरेसे क्लिक जमू देणे. दिवसाचे छोटे बजेट पन्नास वस्तूंवर पसरले, तर कशाबद्दलच काही कळत नाही.

विक्रेत्याची बाजू

बाजारपेठ इथे एकाच वेळी जागेची मालक असते, लिलाव करणारी असते आणि जाहिरातीतून किती विक्री झाली हे मोजणारीही असते. काही ठिकाणी ती स्वतःचा मालही विकते. छोट्या विक्रेत्याला तिचे मोजमाप तपासून पाहायला दुसरी जागा नसते. शोधयादीतल्या वरच्या जागा जाहिरातींनी व्यापल्या, की आधी आपोआप दिसणारी वस्तू खाली सरकते आणि त्याच जागेसाठी आता पैसे मोजावे लागतात. अशा वेळी ही जाहिरात भाड्यासारखी होते, आणि विक्रेत्यांची ती तक्रार अजिबात अवाजवी नाही. दुसऱ्या बाजूने, कालच मांडलेल्या आणि एकही ऑर्डर नसलेल्या वस्तूला शोधाचा क्रम सहसा वर आणत नाही. ऑर्डर नाही म्हणून क्रम नाही आणि क्रम नाही म्हणून ऑर्डर नाही, हा फेरा फोडायला नव्या विक्रेत्यापुढे जाहिरातीइतका जवळचा मार्ग फारसा नसतो.

कायदा यात हळूहळू शिरतो आहे. युरोपीय संघाचा २०१९ चा नियम जुलै २०२० पासून लागू झाला. क्रम कोणत्या मुख्य निकषांवर ठरतो आणि पैसे देऊन तो बदलता येतो का, हे बाजारपेठेने विक्रेत्यांना सांगणे त्याने बंधनकारक केले. निकालातली पैसे घेऊन दाखवलेली वस्तू ग्राहकाला तशी ओळखू आली पाहिजे, अशी तरतूदही तिथे मे २०२२ पासून आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या स्पर्धा आणि ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने आणि १७ राज्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये ॲमेझॉनविरुद्ध दावा दाखल केला. शोधाच्या निकालांत जाहिरातींची गर्दी करून त्यांचा दर्जा उतरवला, हा त्यातला एक आरोप आहे. ॲमेझॉनने आरोप नाकारले आहेत.

श्रेय कोणाचे

जाहिरातीवर क्लिक केल्यावर ठरावीक दिवसांत झालेली विक्री जाहिरातीच्या खात्यावर टाकली जाते. ॲमेझॉनवर विक्रेत्यांच्या प्रायोजित वस्तूंसाठी ही मुदत ७ दिवसांची आहे. पण तो ग्राहक जाहिरात नसती तरी आला असता का, याचे उत्तर या आकड्यात नसते. ब्लेक, नोस्को आणि टॅडेलिस या अर्थशास्त्रज्ञांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे वाचण्याजोगा आहे. ईबे त्या वेळी शोध संकेतस्थळांवर स्वतःच जाहिरातदार होती. तिने आपल्या नावाच्या शब्दांवरची जाहिरात थांबवून पाहिली, तर त्या क्लिकपैकी ९९.५ टक्के लोक फुकटच्या दुव्यावरून तसेच आत आले. इतर शब्दांवरच्या जाहिरातींनी नवे आणि क्वचित येणारे ग्राहक खरेच वाढवले. पण बराचसा खर्च नेहमीच्या ग्राहकांवर होत होता आणि ते जाहिरातीविनाही खरेदी करत होते.

हीच चाचणी छोट्या विक्रेत्याला लहान प्रमाणात करता येते. साधारण सारख्या खपाच्या दोन वस्तू घ्यायच्या, दोन-तीन आठवडे एकीची जाहिरात थांबवायची आणि दुसरीची चालू ठेवायची. मग जाहिरातीच्या नव्हे, दोघींच्या एकूण ऑर्डर शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या. सणाचे किंवा सेलचे दिवस टाळावेत, मधे किंमत बदलू नये, आणि साठा संपत आलेला नाही हे आधी पाहावे. जाहिरातीच्या ऑर्डरनी वस्तूचा क्रम वर धरलेला असेल, तर थांबवल्यावर होणारी घसरण हळूहळू दिसते. म्हणून पहिल्या चार दिवसांच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही. आणि नव्याने मांडलेल्या वस्तूवर ही चाचणी करण्यात अर्थ नाही, कारण तिथे तुलना करायला जाहिरातीविना येणाऱ्या ऑर्डरच अजून नसतात.