कृष्णविवर गिळतं की फिरवतं?

18 ऑगस्टला विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियमचा दिवस साजरा होतो. पावसाने थोडी उघडीप दिली होती, शाळेतली मुलं तटावर बसली होती. सूर्य, ग्रहण, हेलियम असं बोलून झाल्यावर आठवीतला एक मुलगा उभा राहिला. ‘सर, ब्लॅक होल सगळा गिळता मां? मगे आकाशगंगा अजून रवली कशी?’

तिथे मी दोन मिनिटांत काहीतरी सांगितलं, पण माझंच समाधान झालं नाही. या प्रश्नाला नीट उत्तर हवं, म्हणून हा लेख.

ब्लॅक होल म्हणजे कृष्णविवर, प्रकाशालाही बाहेर पडू न देणारी वस्तू. त्यातल्या ‘विवर’ या शब्दाने आपला घात केला आहे. विवर म्हटलं की वाघोटण खाडीच्या तोंडाशी पडणारा भोवरा डोळ्यांसमोर येतो. होडी जवळ गेली की संपली. कृष्णविवर तसं नाही. उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तर त्याची त्रिज्या जेमतेम 3 किलोमीटर भरेल. आठ मिनिटांनी आपल्याकडे अंधार होईल, पुढे सगळं गोठेल, पण पृथ्वी आत ओढली जाणार नाही. आज फिरते तशीच, त्याच कक्षेत, वर्षाला एक फेरी घालत राहील. लांबून बघितलं तर गुरुत्वाकर्षण फक्त वस्तुमान ओळखतं. ते वस्तुमान तापलेल्या वायूचं आहे की काळोखाचं, याने काही बिघडत नाही.

मग जे दिसतच नाही ते तिथे आहे हे कळतं कसं? भोवती फिरणाऱ्यांच्या वेगावरून. आणि वेग कळतो वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाश फाकवल्यावर दिसणाऱ्या रंगपट्ट्यातल्या, रेघांवरून. इथे परत विजयदुर्ग येतो.

किल्ल्यावरचे दगडी ओटे ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जातात. तो साहेब म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर. त्याने 1868 साली याच ओट्यांवरून हेलियम शोधला असं दरवर्षी भाषणांत सांगितलं जातं. ते खरं नाही. ऑक्टोबर 1868 मध्ये सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ लॉकयरने पाहिली तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता. विजयदुर्गला तो आला 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी, लोलक लावलेले कॅमेरे घेऊन, ग्रहणातल्या सूर्याचा वर्णपट टिपायला. ही खरी हकिगत पुरेशी मोठी आहे. मुलांना तीच सांगावी असं मला कळकळीने वाटतं.

प्रत्येक मूलद्रव्याची, प्रत्येक रेणूची रेघ ठरलेल्या तरंगलांबीवर येते. नांदगाव रोडच्या फलाटावर उभं राहून न थांबणारी गाडी ऐका. येताना भोंगा चढा, समोरून गेली की एकदम उतरलेला. प्रकाशाचंही तसंच होतं. उगम आपल्याकडे येत असेल तर रेघ निळ्या बाजूला सरकते, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. किती सरकली ते मोजा, वेग मिळतो.

आता माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. सप्तर्षींच्या जवळ एनजीसी 4258 नावाची दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह आहे, सुमारे अडीच कोटी प्रकाशवर्षं दूर (प्रकाश वर्षभरात कापतो ते अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष). तिच्या केंद्राभोवती वायूची पातळ तबकडी फिरते आणि त्या तबकडीत पाण्याची वाफ आहे. पाण्याचे रेणू तिथे 1.35 सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी जोरात सोडतात. हवाई ते कॅरिबियन बेटांपर्यंत पसरलेल्या दहा रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून या लहरींचे ठिपके टिपले गेले, आणि 1995 साली ते प्रसिद्ध झाले. तबकडीची एक कड आपल्याकडे येणारी, दुसरी दूर जाणारी. अख्ख्या दीर्घिकेचा वेग वजा केल्यावर तरंगलांबीत उरलेला फरक अर्ध्या दशांश मिलिमीटरहूनही कमी, म्हणजे केसाच्या जाडीएवढासुद्धा नाही. त्यातून निघालेला वेग मात्र सेकंदाला हजार किलोमीटर.

खरी मौज पुढे आहे. केंद्रापासून साधारण 0.4 प्रकाशवर्षावरची वाफ सेकंदाला 1080 किलोमीटरने फिरते. 0.8 प्रकाशवर्षावरची 770 ने. अंतर दुप्पट, तर वेग दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे 1.4 पटीने कमी. 1080 ला 1.4 ने भागून बघा. बैलगाडीच्या चाकात असं होत नाही, तिथे धाव सगळ्यात वेगात फिरते. सूर्यमालेत मात्र नेमकं असंच होतं: बुध सेकंदाला 47 किलोमीटर, पृथ्वी 30, नेपच्यून साडेपाचच्याही आत. सगळं वजन मध्यभागी एकवटलं असेल तरच वेग असा उतरतो. वजन तबकडीभर पसरलेलं असतं तर हा हिशेब जुळलाच नसता.

वेगाचा वर्ग गुणिले अंतर, भागिले गुरुत्वस्थिरांक. उत्तर येतं सुमारे 4 कोटी सूर्यांएवढं वस्तुमान, तेही अर्ध्या प्रकाशवर्षाच्या आत. आपल्या सूर्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. एवढ्याशा जागेत 4 कोटी तारे कोंबले तर ते एकमेकांवर आदळून आणि बाहेर फेकले जाऊन घोळका फार काळ टिकणार नाही. उरतं एकच, कृष्णविवर.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं त्यामानाने लहान, 43 लाख सूर्यांएवढं. त्याच्याभोवती एस2 हा तारा 16 वर्षांत एक फेरी मारतो. मे 2018 मध्ये तो अगदी जवळून, सेकंदाला साडेसात हजारांहून जास्त किलोमीटर वेगाने गेला आणि सुखरूप बाहेर पडला. अशा ताऱ्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवणाऱ्या आंद्रेया गेझ आणि राइनहार्ड गेन्झेल यांना 2020 चं नोबेल मिळालं.

हे कृष्णविवर धनु राशीच्या दिशेला आहे. त्यावरून धनु राशीवाल्यांना सावध करणारे, दोरे-अंगठ्या खपवणारे संदेश मोबाइलवर फिरतात. 26 हजार प्रकाशवर्षांवरच्या वस्तूला कोणाची जन्मरास ठाऊक नसते. ती अंगठी घेऊ नका, हे मी स्पष्टच सांगतो.

तर त्या मुलाला उत्तर असं: आकाशगंगा लाखभर प्रकाशवर्षं रुंद आहे, आणि केंद्रातल्या कृष्णविवराचा वचक मोजक्या प्रकाशवर्षांपुरता. आपला सूर्य त्याच्यामुळे फिरत नाही, इतर तारे, वायू आणि अदृश्य द्रव्य यांच्या एकत्रित वजनामुळे फिरतो. गिळलं जातं ते फक्त अगदी जवळ गेलेलं.

परवा त्याला हे सगळं कागदावर आकृत्या काढून दाखवलं. वाफेची तबकडी काढली, वेग लिहिले. 1080 ला 1.4 ने त्यानेच भागलं, 771 आलं, तेव्हा माझ्याकडे बघून हसला. मग तबकडीवर बोट ठेवून म्हणाला, ‘सर, थंय पाणी खयसून इला?’

हायड्रोजन विश्वाच्या जन्मापासूनचा, ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात शिजलेला. मी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला एक तारा काढायला घेतला.