निळा दिवा पेटला म्हणजे पाणी शुद्ध झालं?

गव्हाला पाणी द्यायचे दिवस होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्या काळात डीपीवरच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) मोटारी एकदम सुरू झाल्या की घरातला बल्ब पिवळा पडायचा आणि पंख्याची पाती मोजता यायची. एका संध्याकाळी आई अतिनील किरणांनी पाणी शुद्ध करणाऱ्या यूव्ही फिल्टरखाली गुंड भरत होती. खिडकीतला निळा दिवा लुकलुकला, विझला, थोड्या वेळाने पुन्हा लागला. धार मात्र चालूच होती, कारण पाणी स्लॅबवरच्या टाकीतून उताराने येत होतं. तेवढ्या वेळात गुंडात काय पडलं?

जंतूंवर काम करतो तो २५४ नॅनोमीटरचा अतिनील किरण. तो डोळ्यांना दिसत नाही, आपल्याला दिसते ती सोबतची निळसर झाक. हा किरण जंतूच्या डीएनएतले शेजारचे दुवे एकमेकांना चिकटवून टाकतो, मग जंतूची वाढच होत नाही. त्यासाठी मात्रा पुरी लागते. पिण्याच्या पाण्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला ४० मिलिज्यूल ही सर्वमान्य मात्रा. मात्रा म्हणजे प्रकाशाची तीव्रता गुणिले वेळ. पाणी नळीत जेमतेम काही सेकंद असतं, तेव्हा दिवा मंदावला आणि धार तीच राहिली तर मात्रा कमी पडणारच. शिवाय ब्लीचिंग पावडरीचा अंश पाण्यात उरतो, तसं इथे मागे काहीच उरत नाही. सुटलेला जंतू सुटलाच.

आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. फिल्टरमधल्या, साध्या पट्टी-चोकवर चालणाऱ्या पाऱ्याच्या दिव्याला मोजक्या आवर्तनांपुरता व्होल्टेजचा मोठा खड्डा पडला तरी तो विझू शकतो. पुन्हा पेटला तरी पूर्ण जोर यायला एक-दोन मिनिटं जातात. वारंवार पेटण्याने आतल्या तारेवरचा लेप झडतो, टोकं काळी पडतात. इलेक्ट्रॉनिक चोक कमी व्होल्टेज बऱ्यापैकी झेलतो. पण डीपीचा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटला तर २३० व्होल्टच्या घरात ४०० च्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात, आणि तेव्हा तोही जळतो.

माझ्या मते महागड्या फिल्टरपेक्षा गरज आहे ती वीज जाताच पाण्याची धार बंद करणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हची, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या तोटीची. मात्र लाइन डिम असते तेव्हा नुसता व्हॉल्व्ह फसतो, कारण वीज असतेच. तिथे किरणांची तीव्रता मोजणारा सेन्सर त्याला जोडावा लागतो.

आम्ही दोन्ही बसवलं. आता दिवा मंदावला की धार आपोआप थांबते. तरी लाइन आल्यावरचे पहिले दोन तांबे आई अजूनही तुळशीलाच घालते.