घडवणारं हार्मोन आणि चेतवणारं हार्मोन

वयात येताना हार्मोन काय करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आवाज फुटतो, मिसरूड येते, पाळी सुरू होते. ते पुन्हा सांगत नाही. मला राग येतो तो याच माहितीवरून थेट गर्भापर्यंत उडी मारली जाते तेव्हा: ‘तिचं टेस्टोस्टेरॉन जास्त आलंय, म्हणजे आईच्या पोटातच जास्त मिळालं असणार.’ हे साफ चूक आहे.

मोठेपणी हार्मोन बहुतेकदा आधीच उभ्या असलेल्या यंत्रणेला चेतवतं. गर्भात ते यंत्रणाच घडवतं, आणि तेही ठरावीक मुदतीत. गर्भ मुलाचा असेल तर त्यात साधारण आठव्या आठवड्यापासून टेस्टोस्टेरॉन बनू लागतं. बाह्य जननेंद्रियांचा साचा पहिल्या तिमाहीच्या अखेरीस जवळपास ठरलेला असतो. ती मुदत टळली की कितीही टेस्टोस्टेरॉन द्या, भगोष्ठ (योनीमुखाच्या बाहेरचे ओठ) जुळून वृषणकोश होत नाही. ते आईकडून आलं की बाळाच्या ग्रंथीतून, हा प्रश्न इथे गौण आहे.

1959 मध्ये फिनिक्स, गॉय, जेराल आणि यंग यांनी गाभण गिनीपिगना टेस्टोस्टेरॉन दिलं. त्या गिनीपिगच्या पोटी जन्मलेल्या माद्या मोठ्या झाल्यावर मादीची हार्मोन्स देऊनही मादीसारख्या क्वचितच वागल्या. गर्भात टेस्टोस्टेरॉन न मिळालेल्या प्रौढ माद्यांना तेच दिलं, तेव्हा परिणाम टिकला नाही. हार्मोन तेच, फक्त वेळ वेगळी.

म्हणूनच आजच्या रक्ततपासणीवरून तेव्हाचं काही कळत नाही. कन्जेनिटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेजिया असलेल्या मुलींचं उदाहरण घ्या. एका एन्झाइमच्या कमतरतेमुळे त्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी गर्भातच जास्त अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनच्या गटातली हार्मोन्स) बनवतात. जन्मानंतर उपचार नीट चालले तर आठ वर्षांच्या अशा मुलीचा रिपोर्ट अगदी सर्वसाधारण येऊ शकतो. तरीही या मुलींमध्ये मुलांच्या समजल्या जाणाऱ्या खेळण्यांची ओढ सरासरीने जास्त दिसते. ‘सरासरीने’ हा शब्द कृपा करून गाळू नका. यातल्या बहुसंख्य मुली मोठेपणी स्वतःला स्त्रीच मानतात.

‘गर्भातलं ते कायमचं, नंतरचं तात्पुरतं’ हे सूत्रही मला आवडत नाही. वयात येताना फुटलेला आवाज कुठे परत बारीक होतो? फरक ओळखायचा तो मुदतीवरून.

आणि तर्जनी-अनामिकेची लांबी मोजून गर्भातलं टेस्टोस्टेरॉन सांगणाऱ्यांवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. या दोन बोटांच्या प्रमाणातला स्त्री-पुरुषांच्या सरासरीचा फरक इतका लहान आहे, आणि दोघांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात, की एका माणसाच्या हातावरून काहीच ठरवता येत नाही.