लाल नाकाच्या रुडॉल्फमागची टोकियोतली माणसं

'रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर' हा सँटाच्या लाल नाकाच्या हरणाचा, बाहुल्यांच्या ॲनिमेशनचा नाताळचा खास टीव्ही कार्यक्रम (ख्रिसमस स्पेशल) ६ डिसेंबर १९६४ ला एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर पहिल्यांदा लागला आणि तेव्हापासून अमेरिकेत दर नाताळला लागतोच, पण मुळात ही गोष्ट टीव्हीसाठी लिहिलेलीच नव्हती. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड कंपनीला १९३९ च्या नाताळात दुकानात येणाऱ्या पोरांना फुकट वाटायला एक पुस्तिका हवी होती, आणि ते काम आलं जाहिराती लिहिणाऱ्या रॉबर्ट मे याच्याकडे. घरी बायको कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली, लेक लहान. जुलैमध्ये बायको गेली, साहेब म्हणाला काम दुसऱ्या कुणाला देऊ, पण रॉबर्ट ऐकला नाही, त्याने ऑगस्टअखेर रुडॉल्फची ही गोष्ट कवितेत पूर्ण केली आणि त्या वर्षी तब्बल २४ लाख प्रती वाटल्या गेल्या! पुढे कंपनीने हक्क त्यालाच देऊन टाकले, बहिणीचा नवरा जॉनी मार्क्स याने त्यावर गाणं केलं, १९४९ मध्ये जीन ऑट्रीने ते गायलं आणि हरीण घराघरात पोचलं.

स्पेशलचे निर्माते रँकिन आणि बास अमेरिकेतले, बहुतेक आवाज कॅनडातल्या कलाकारांचे, पण बाहुल्या हलल्या त्या टोकियोत, तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत. मला यांचं नाव आधी घ्यावंसं वाटतं, कारण याआधी चीनमध्येही बाहुल्यांचं ॲनिमेशन उभं करायला हातभार लावलेला हा माणूस. बाहुली केसभर हलवायची, एक फ्रेम घ्यायची, परत हलवायची, असं तासाभराच्या कार्यक्रमासाठी, केवढा तो पेशन्स! रुडॉल्फची बाहुली तळहाताएवढी, तरी नाकात खरा दिवा बसवलेला.

पहिल्या वर्षी एक गोष्ट लोकांना फार लागली. कार्यक्रमात कुणालाच नको असलेल्या खेळण्यांना न्यायला परत येऊ असं रुडॉल्फ सांगतो, पण शेवटी त्यांना न्यायला कुणी येतच नाही. प्रेक्षकांनी पत्रं पाठवली, मग १९६५ मध्ये सँटा त्यांना घेऊन जातो असा नवा सीन करून घातला. वेळ मात्र तेवढाच, म्हणून दुसरीकडे कात्री लागली आणि यूकन या पात्राला पेपरमिंटची खाण सापडते तो सीनच गेला, त्यामुळे वर्षानुवर्षं लोकांना कळायचं नाही की हा सोनं शोधणारा माणूस सारखी कुदळ चाटून का बघतो.